दोनशे रुपयांची कपात

आटपाडी,
10 सप्टेंबर 2025

चि. मंदार,


गौरी जेवणाच्या दिवशी तू विचारलंस, "आत्या, कर मी भरायचा आणि लोकांनी फुकट खायचं, हे कुठवर? हक्क सगळ्यांना पाठ आहेत, कर्तव्यं कोण शिकवणार?" पाहुण्यांच्या गडबडीत अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहावं असं ठरवलं. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात, वेगवेगळ्या तालुक्यांत गेली आणि त्यातली बरीचशी रोजगार हमी योजनेच्या टेबलावर. त्यामुळे या विषयात मला तटस्थ राहता येत नाही, राहायचंही नाही.

तुझी पगाराची स्लिप काढ. व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं आणि धंदेवाल्यानं थोडं द्यायचं, गाड्यांवर आणि बागायती जमिनीवरही थोडा कर बसवायचा, जितका कर जमा होईल तितकीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाला काम द्यायचं. देणारा कोण, घेणारा कोण आणि घेणाऱ्यानं बदल्यात काय करायचं, हे इतकं स्वच्छ लिहिलेला दुसरा कायदा माझ्या टेबलावर कधी आला नाही.

हे सुचलं दुष्काळातून. बहात्तरचा दुष्काळ तू फक्त ऐकलास; तुझी आजी त्यात खडी फोडायला होती. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. ज्या घरांतल्या बायका कधी उंबऱ्याबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या, त्याही पदर पुढे ओढून खडीच्या ढिगाऱ्यावर बसल्या. सुकडी खाऊन पोरं जगली. पिकं पार गेली होती, तरी एवढ्या मोठ्या टंचाईत भुकेनं माणसं पटापट मेली नाहीत, याचं मोठं कारण ती कामं होती.

आपल्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळ पडला की कामं काढायची आणि पाऊस आला की बंद करायची, हे त्यांना पटत नव्हतं. कोरडवाहू शेतमजुराला चांगल्या सालातही कित्येक महिने काम नसतं, तेव्हा कामाची हमी बारमाही हवी, हे त्यांनी धरून ठेवलं. कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. दिल्लीला असा कायदा करायला 2005 साल उजाडलं.

राज्याच्या या कायद्याच्या शंभर वर्षं आधी याच दख्खनवर काय घडलं ते तुला सांगायला हवं. 1876 ते 78 चा दुष्काळ. इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य येईल इतकीच ठेवायला लावली. कामं मुद्दाम घरापासून लांब लावायची, म्हणजे खरोखरचा भुकेला तेवढाच येईल, बाकीचे आळशी गळतील, असा हिशेब. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ते मानलं नाही. हजारोंनी कामं सोडली, आणि सार्वजनिक काकांची पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. पोट खपाटीला गेलेली माणसं संप करतात, याचा अर्थ ती नुसती भाकरी मागत नव्हती. आपल्या घामाला काय मोल, हे ती विचारत होती. टेंपलसाहेबांचा संशय आणि तुझा पंगतीतला प्रश्न यांत मला फार अंतर दिसत नाही, म्हणून मी त्या दिवशी अस्वस्थ झाले.

आपल्या कायद्यानं तो संशयच काढून टाकला. काम मागायला उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा नाही, दारिद्र्यरेषेची यादी नाही. ज्याला दुसरं काही बरं मिळतंय तो एप्रिलच्या उन्हात टिकाव घेऊन माळावर येणार नाही, एवढं साधं सत्य त्यात धरलं आहे. आणि उलट बाजूनं सरकारला बांधलं आहे. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. केंद्राच्या 2005 च्या कायद्यात तर कामावर सावली, पिण्याचं पाणी, लहान मुलं असतील तर सांभाळायला बाई, सगळं लिहिलेलं होतं.

सगळा जीव मागणीच्या तारखेत असतो. नमुना 4 वर काम मागायचं आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. ती पोच हातात पडली की पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून अनेक ठिकाणी अर्ज ठेवून घ्यायचा पण पोच द्यायची नाही, ही खोड असते. बायांचे गट येत, अंगठा उठवत आणि "पोच द्या, त्याशिवाय हलणार नाही" म्हणून जमिनीवर बसून राहत. एरवी कचेरीच्या दारातून आत यायला बिचकणाऱ्या या बाया. त्यांच्या त्या बसण्यात मला कधी माज दिसला नाही. कायदा आपल्याला काय देतो हे कळलेला माणूस जसा सरळ बसतो, तशा त्या बसत. नागरिक म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते तिथे.

आता कर्तव्याचं. खोदलेल्या खड्ड्याचं मोजमाप होतं आणि मोजमापाप्रमाणे मजुरी मिळते. 2025-26 मध्ये दर दिवसाला 312 रुपये होता. त्यासाठी आता मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो द्यावा लागतो आणि डोंगरकपारीत नेटवर्क नसेल तर केलेला दिवसही बुडू शकतो. पैसे वेळेत द्यायचं कर्तव्य मात्र सरकारकडून वारंवार चुकतं. कर्तव्य कोण शिकवणार हा तुझा प्रश्न योग्य आहे, पण तो मला आधी वरच्या टोकाला विचारावासा वाटतो.

खोटे हजेरीपट असतात, हे मी नाकारणार नाही. मेलेल्यांची नावं, परगावी गेलेल्यांची नावं, रात्रीत यंत्रानं उरकलेलं काम आणि कागदावर शंभर मजूर. पण त्या पैशातून कुणाचे बंगले उभे राहिले ते बघ. टिकाव मारणारीचं घर अजून पत्र्याचं आहे.

आणि तुझ्या आजोबांची डाळिंबाची बाग. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. खड्डे, रोपं, मजुरी, सगळ्याला सरकारचं अनुदान. आटपाडी-सांगोल्याकडच्या माळावर डाळिंब पसरलं त्यात त्या योजनेचा मोठा वाटा होता. आपल्या बांधावरची पहिली लागवड त्यातलीच. तुझ्या कॉलेजची आणि होस्टेलची फी त्या बागेनं भरली, आणि ज्या व्यवसाय करातून ती लागवड झाली तो मुंबई-पुण्यातल्या अनोळखी माणसांच्या पगारातून कापलेला होता. तेव्हा आपल्या घरात कुणी त्याला फुकट म्हणालं नाही. शेतकऱ्याला उभं करणं समाजाचं काम आहे, असंच सगळे मानत होते, आणि ते बरोबरच होतं. आज तू तोच कर भरतोस. मला यात हिशेब बरोबर बसलेला दिसतो. आणि शहरही खेड्याकडून घेतंच: शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. कोण कुणाचं खातं हा हिशेब मांडायचाच तर सगळ्या बाजूंनी मांडायला हवा.

पण देवाणघेवाणीवरच सगळं उभं करणंही मला मान्य नाही. ज्याला टिकाव उचलताच येत नाही त्याचं काय? जन्मापासून अंथरुणावर असलेला मुलगा, मोतीबिंदूनं आंधळी झालेली म्हातारी. त्यांनी समाजाला काय दिलं असं विचारायचं का? आपल्या संविधानाच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आणि म्हातारपण, आजार, अपंगत्व यांतलं सार्वजनिक साहाय्य ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत. संजय गांधी निराधार योजना 1980 पासून आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिचे महिना 1,500 रुपये मिळत, आणि त्यासाठी बहुतेकांना कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागे. महिन्याला 1,750 रुपयांत जगणारं कुटुंब तू तरी पाहिलं आहेस का? इतकी खालची मर्यादा ठेवली की गरजू माणसालाही कागदावर खोटं लिहावं लागतं आणि मग आपणच त्याला खोटारडा म्हणतो.

लाडकी बहीण योजनेवरून तू जास्त चिडला होतास. सरकारी पगार घेणाऱ्यांची नावं त्या यादीत सापडली, याचा मलाही राग आहे. तरी स्वतःच्या नावच्या खात्यात पहिल्यांदा पैसे आलेल्या बाया मी बघते आहे; कुणी औषध आणलं, कुणी मुलीचा क्लास लावला. माझी तक्रार वेगळी आहे. 2024 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आलेली ही योजना शासन निर्णयावर चालते, कायद्यावर नाही. हप्ता थांबला तर ती बाई कुणाकडे कोणत्या कलमानं दाद मागणार? पैसे भावानं दिले असं तिला सांगितलं जातं, आणि भावाला कुणी हिशेब विचारत नाही. पोचेसाठी जमिनीवर बसून राहणाऱ्या त्या बाया मला म्हणून जास्त मोलाच्या वाटतात.

तुला चिडायचंच असेल तर एक खरी जागा दाखवते. व्यवसाय करातून जमलेला पैसा कित्येक वर्षं रोजगार हमीवरच्या खर्चापेक्षा जास्त होता. लोक काम मागत होते आणि त्यांच्या नावानं गोळा केलेली रक्कम शिल्लक पडत होती. तू भरलेल्या 2,500 चं काय झालं, हे विचारायचा हक्क तुझा आहे, आणि तो अजून तू एकदाही वापरलेला नाहीस.

गावोगावचे हजेरीपट नेटवर कुणालाही पाहता येतात. आकड्यांशी खेळणं तुझं रोजचं काम आहे. आपल्या गावाचे मागच्या दोन वर्षांचे उतरवून घे. नाव, दिवस, काम, पैसे जमा झाल्याची तारीख असा तक्ता कर. दिवाळीला येशील तेव्हा तो छापून आण, मोठ्या अक्षरात. आपण दोघं घरोघरी जाऊन विचारू, कुणी किती दिवस काम केलं आणि किती पैसे हाती आले. जे जुळणार नाही ते ग्रामसभेत वाचू. ग्रामसेवकाला मी आधी लेखी कळवते आणि त्याची पोच घेऊन ठेवते.

सुनेला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या