नळदुर्गच्या पोटात

धाराशिव जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, सोन्याचीही नाही. बालाघाटचा डोंगर लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा. तरीही जमिनीच्या पोटात शिरायची ओढ इथल्या मुलांना काही कमी नाही. प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असते आणि ते म्हणे थेट विजापूरला निघते! सहलीच्या बसमध्ये आम्हा शिक्षकांना हे दरवर्षी ऐकावे लागते.

यंदा आठवी-नववीची मुले घेऊन आम्ही नळदुर्गला गेलो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यात हा किल्ला आहे. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बांध बोरी नदीवर घातलेला आहे आणि त्या बांधाच्या आतच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या काळात, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ मध्ये, मीर इमादीन याने तो बांधला. तिथे फारसी शिलालेख आहे. आमची उर्दूची मुले त्यापुढे बराच वेळ रेंगाळली. अक्षरे ओळखीची, अर्थ मात्र निसटता.

अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या उतरून खाली गेलो की एकदम गार वारा लागतो. खिडक्या नदीकडे उघडतात. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, तरी महाल आतून कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीचे हे काम पाहून आमचे गणिताचे सरसुद्धा गप्प झाले, आणि ते सहसा गप्प होत नाहीत.

परत वर आलो तर तटाच्या कडेला एक काळे भोक दिसले. दोन मुलांनी लगेच मोबाईलची बॅटरी लावली. आम्ही त्यांना तिथेच थांबवले आणि सगळ्यांना सावलीत बसवले.

पाणीमहालाला खिडक्या आहेत. बांधणाऱ्याने पाण्याइतकाच वाऱ्याचाही विचार केला. बुजलेले भुयार, पडका आड किंवा सोडून दिलेली खाण यांना वारा नसतो. बॅटरी उजेड देते, हवा देत नाही. कुजलेल्या पाल्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो. त्याला ना रंग, ना वास. विहिरीत उतरण्याआधी जुनी माणसे दोराने कंदील सोडून पाहत. विझला तर कोणी उतरत नसे. पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका टळला असेही नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो.

आडात पहिला माणूस कोसळतो. भाऊ त्याला काढायला उतरतो, मग शेजारी. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. एका मुलीने विचारले, “सर, मग आपल्या भावाला तसेच सोडायचे?” प्रश्न सोपा नव्हता. आम्ही म्हणालो, सोडायचे नाही, पण उतरायचेही नाही. आरडाओरडा करायचा, ११२ ला फोन लावायचा. खालचा शुद्धीवर असेल तर वरून दोर टाकायचा. आत जायचे ते अग्निशमन दलाच्या माणसाने, श्वासाचे यंत्र लावून. तिचे समाधान झाले नाही, हे चेहऱ्यावर दिसत होते.

खऱ्या खाणीत हवेच्या जोडीला पाणीही असते. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या, बंद कामात साठलेले पाणी फुटून आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास मजूर गेले. आपल्याकडे भूमिगत खाणी नसल्या तरी बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. त्यांना पायरी नसते, कड सरळ तुटलेली असते आणि पाण्याची खोली वरून कळत नाही. पोहता येणारा मुलगाही तिथून वर चढू शकत नाही. सुट्टीत मुले कुठे पोहायला जातात, हे घरच्यांनी एकदा तरी जाऊन पाहावे.

नर-मादी पाहायचे असतील तर भर पावसाळ्यात या. त्या दिवसांत दगडावर शेवाळ असते, पायऱ्या निसरड्या होतात. पाणी बांधावरून वाहत असेल तर महाल उघडा आहे का, हे दारावरच विचारून घ्या. लहान मुलांचा हात धरायला घरातले एक मोठे माणूस जास्तीचे बरोबर असू द्या.