एक जूनची गोष्ट

तर झालं असं, की परवा आईचा फोन आला. "अरे, माझी जन्मतारीख ३१ मे कधीपासून झाली?"

आमच्या मातोश्री सत्तरी ओलांडलेल्या. कागदोपत्री जन्म १ जून १९५०. 'कागदोपत्री' का म्हणतोय ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळलं असेल :) त्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मुलाला नेऊन उभं केलं की गुरुजी अंदाजाने वय धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आई खरी जन्मली नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, एवढंच आजी सांगायची.

तर आईने शेजारच्या मुलीला जवळ बसवून ज्येष्ठांच्या एका योजनेचा फॉर्म नेटवर भरला. उत्तर आलं, जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नाही, अर्ज नामंजूर. आता शाळा सोडल्याचा दाखला घेऊन रांगेत उभं राहायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी.

"कोणी गाढवाने केलाय हा फॉर्म" असं पुटपुटत मी तो उघडला. तारखेच्या चौकटीवर टिचकी मारली, एक छोटं निळं कॅलेंडर उघडलं... आणि मी गप्प झालो. ते माझंच होतं!

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे एका अमेरिकन गिऱ्हाइकासाठी हा डेट पिकर लिहिला होता. हॉटेलची खोली राखून ठेवायला. पुढच्या महिन्यावर जायला एक बाण, मागच्यावर जायला एक. खोली पुढच्या महिन्या-दोन महिन्यांसाठीच घेतात, तेवढं पुरे. एकदा लिहा, कुठेही वापरा, म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. नंतर कंपनीने ते खरंच कुठेही वापरलं. जन्मतारखेलासुद्धा. सत्तर वर्षं मागे जायचं म्हणजे ८४० टिचक्या! शेजारची ती मुलगी धन्य आहे.

आणि ३१ मे? जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख अशी वस्तूच नव्हती. १ जून निवडलं की माझं कोड 'त्या दिवशीची मध्यरात्र' असा एक क्षण तयार करायचं आणि साठवताना तो जागतिक वेळेत बदलून फक्त तारखेचा भाग ठेवायचं. न्यूयॉर्कची मध्यरात्र जागतिक वेळेत त्याच दिवशीची पहाट असते, त्यामुळे तारीख तीच राहते. आपण साडेपाच तास पुढे. आपली १ जूनची मध्यरात्र म्हणजे तिकडे ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा. आम्ही तपासायचो ते अमेरिकेची वेळ लावलेल्या मशीनवर, मग चूक दिसणार कशी? पडद्यावर १ जून, आत ३१ मे.

जन्मतारीख हा क्षण नाहीच मुळी. ती वर्ष, महिना, दिवस अशी तीन आकड्यांत जशीच्या तशी ठेवायची असते, तिला घड्याळ लावायचं नसतं. आणि माणसाला पाठ असलेली तारीख कॅलेंडरात शोधायला लावू नये. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वंही जन्मतारखेसाठी तीन साध्या चौकटीच सुचवतात. हे सगळं आज कळतंय, तेव्हा मी रंगाच्या छटा निवडण्यात गुंग होतो.

जुन्या मित्राला फोन केला. दुरुस्ती दोन ओळींची निघाली, त्याने ती लगेच केली. पण आधी भरलेल्या अर्जांचं काय? ते एकेक काढून तपासायला मी त्याच्या मागे लागलोय. आईला विचारायला मुलगा तरी होता. बाकीचे आपलीच काहीतरी चूक झाली असेल म्हणून गप्प बसले असतील...

आईला सगळं कबूल केलं. ती हसली. म्हणाली, "आधी गुरुजींनी बदलली, आता तू. त्या बिचाऱ्यांना निदान खरी तारीख माहीत नव्हती."

असो. दाखला घेऊन रांगेत मीच उभा राहणार आहे. आणि यंदा वाढदिवसाचा फोन १ जूनला नाही, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करायचा ठरवलंय. ती तारीख मात्र मी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघणार :)