कोणतें विमान मिळेल?

वायुदलांत जाण्याची आकांक्षा धरणारे आमचे विद्यार्थी आम्हांस भेटावयास येतात, तेव्हां "वैमानिक व्हावयाचें आहे" असें सहसा म्हणत नाहींत. "राफेल चालवावयाचें आहे" असें म्हणतात. महत्त्वाकांक्षेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु अर्ज भरण्यापूर्वींच एका विमानाचें नांव मनांत कोरून ठेवणाऱ्या मुलास पुढें जो आघात सोसावा लागतो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विमान वैमानिकानें निवडावयाचें नसतें. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची वाट धरा वा दुसरी, वैमानिकाची चांचणी आयुष्यांत एकदांच देतां येते. मग फूटपट्टी येते. उंची निदान १६२.५ सेंटिमीटर हवी, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरांच्या आंत हवी. येथें घोकंपट्टीचा कांहींएक इलाज चालत नाहीं! दुंडिगल येथें आरंभीं सर्वांस सारखेंच शिकाऊ विमान. त्यानंतर तीन वाटा फुटतात: लढाऊ विमानें, वाहतुकीचीं विमानें आणि हेलिकॉप्टरें. कोणीं कोठें जावें हें दलाची गरज व प्रशिक्षणांतील गुण यांवरून ठरतें; उमेदवाराची आवड विचारतात खरी, पण ती मागाहून. शिवाय २६ सप्टेंबर २०२५ रोजीं मिग-२१ विमानें निवृत्त झाल्यावर लढाऊ पथकें २९ उरलीं. मंजूर संख्या ४२ आहे. राफेल विमानें घेतलीं ३६, आणि त्यांचीं पथकें दोन. हिशेब ज्याचा त्यानें करावा.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें "हेलिकॉप्टर मिळालें" हें पत्रांत असें कळविलें, जणूं काय तो नापासच झाला होता. आम्हीं त्यास उत्तरीं लिहिलें कीं, सियाचीनच्या चौक्यांस रसद पोहोंचते व तेथील आजारी जवान खालीं येतो तो चीता हेलिकॉप्टरानेंच. आणि जून २०१३ मध्यें उत्तराखंडांत पुरांत अडकलेल्या यात्रेकरूंच्या सुटकेच्या कामीं एमआय-१७ कोसळून २० जण कामास आले, तें कांहीं दुय्यम प्रतीचें काम नव्हतें.

एअर कमोडोर मेहरसिंग यांची गोष्टहि त्यास लिहिली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमानांच्या सहाव्या पथकाचे ते प्रमुख होते. काश्मीरच्या युद्धांत मात्र निकड पडली ती डकोटाची, म्हणजे संथ, बोजड मालवाहू विमानाची. २४ मे १९४८ रोजीं तें विमान त्यांनीं स्वतः हिमालयाच्या रांगांवरून लेहला नेलें. वाट अनोळखी, भरंवशाचे नकाशे नाहींत, विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नाहीं, आणि उतरावयाची धांवपट्टी दहा हजार फुटांहून उंचावर, नुकतीच घाईनें तयार केलेली. विमानांत मेजर जनरल थिमय्या बसले होते. विमान सुखरूप उतरलें, आणि पुढें त्याच मार्गानें डकोटांतून सैनिक लेहला पोहोंचले.