तू मूळची कुठली?

लंडनच्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. वॉर्डातली एक गोरी सिस्टर माझी जिवाभावाची मैत्रीण. १४ एप्रिलला ती माझ्याबरोबर १०, किंग हेन्रीज रोडला येते. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब राहिले ते हे घर. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, हे मी तिला तेथेच सांगितले. ती भारावून गेली.

एवढी जाणती बाई. पण तिच्या घरी चहाला गेले, तेव्हा तिच्या शेजारणीने विचारले, "तू कुठली?"

"हॅरोची."

"तसं नाही, मूळची?"

मी सांगितले. मग, "तुझं इंग्रजी किती छान!" तीस वर्षे मी इथल्या रोग्यांची सेवा इंग्रजीतच करते आहे. मैत्रीण खाली मान घालून चहा ओतत राहिली. इंग्लंडात वंशभेदाविरुद्ध १९६५ पासून कायदा आहे, पण असल्या बोलण्याला तो काय करणार?

शेजारणीचा फारसा राग आला नाही. ती मला ओळखतही नव्हती. राग आला मैत्रिणीचा. आठवड्याने बोललेच. ती म्हणाली, "अगं, ती मनाने वाईट नाही."

पुण्यात नर्सिंगच्या वसतिगृहात माझ्या खोलीत एक ब्राह्मण मुलगी होती. आम्ही एका ताटात जेवायचो. तिच्या मावशीने घरी माझे आडनाव विचारले आणि मी प्यालेला पेला वेगळा ठेवला, तेव्हा तीही अशीच गप्प. विहारात, जयंतीला आपण आपसांत पुष्कळ बोलतो. पण मावशीशी बोलायचे ते तिनेच. मी बोलले की ती नुसती तक्रार ठरते.

हे सारे मी गोऱ्या मैत्रिणीला सांगितले. ती रडू लागली. म्हणजे समजूत घालायचे कामही माझ्याच अंगावर! पण पुढच्या महिन्यात पत्ते खेळताना ती आपल्या मैत्रिणींशी बोलली. "आम्हाला काय वंशद्वेष्ट्या समजतेस?" म्हणून दोघी उठून गेल्या. शेजारीण मात्र बसून राहिली. म्हणाली, "मग विचारायचं तरी काय?" हा प्रश्न मला आवडला.

गेल्या रविवारी मी पुण्याला फोन लावला. खूप वर्षांनी माझा आवाज ऐकून ती हरखली. मी पेल्याची आठवण काढली.

"अगं, मावशी मनाने वाईट नव्हती."

"मी मावशीबद्दल बोलतच नाही," मी म्हटले.