मागं राहिलेला

आमच्या सोलापुरात दसरा झाला तरी चालणं सरत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुळजापूरची भवानी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्या पौर्णिमेसाठी सोलापूर-तुळजापूर हा 45 किलोमीटरचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. कर्नाटकातनं आलेले लोक आमच्यात मिसळतात. बहुतेक जण उन्हाच्या भीतीनं रात्री चालतात. आम्ही तिघं मात्र गर्दीच्या आदल्या दिवशी, पहाटे निघतो. मी, मास्तर आणि आबा. शाळेपासूनचे सोबती. लहानपणीच्या पोलिओनं आबाचा डावा पाय बारीक राहिलाय.

पहिल्यांदा निघालो तेव्हा आम्ही विशीत होतो. हिप्परग्याच्या तळ्यापाशी आबा मागं पडायला लागला. मीच त्याला म्हणालो, "तू ये सावकाश, आम्ही होतो पुढं." रात्री दर्शन घेऊन आम्ही झोपलोसुद्धा. आबा पहाटे आला. चप्पल हातात, तळव्याला फोड. एवढंच म्हणाला, "झालं का दर्शन तुमचं?"

ते 'तुमचं' माझ्या मनातनं कधी गेलं नाही. पण त्यावर मी कधी बोललोही नाही.

यंदा आम्ही आबाच्या पावलानं निघालो. शहर मागं पडलं आणि तळं लागलं. कागदोपत्री हे एकरुख तळं, 1871 साली पुरं झालेलं. आम्हाला ते हिप्परग्याचंच. पाऊस बरा झाला होता, पाणी काठाला टेकलं होतं. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी पाण्यावर डुलत होते. "ह्यांची वारी बरी, पाय दुखायचं काम न्हाई," मास्तर म्हणाला. बांधावर बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लं. मला तिथंच बोलायचं होतं. घास गिळला, शब्दही गिळले.

पुढं माळ लागला. तरवड पिवळा झाला होता. कुठं सोयाबीनची रास चालू, कुठं ज्वारी नुकती वीतभर आलेली. उन्हाचा चटका वाढला, तसे आम्ही दर लिंबाखाली बसू लागलो. एका मांडवात पोरांनी चहा दिला, आबाच्या पायाला तेल चोळलं. तामलवाडीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. समोर बालाघाटाची निळी रेघ दिसत होती. आबा एका दगडावर टेकला.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतो सावकाश."

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मी आबाच्या शेजारी खाली बसलो.

"आज कुणी पुढं जायचं न्हाई," मी म्हणालो. "त्या वर्षी माझं चुकलं, आबा."

"कवाची गोष्ट काढतूस लका!" तो हसला. मग पाय चोळत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "राग आला हुता. लई आला हुता. त्या रातीला घाटात एका म्हातारीनं भाकरी दिली. 'एकटाच हाईस का रं?' म्हणली. मी म्हणलं, न्हाई, सोबती हायत, पुढं गेल्यात."

मला काही सुचेना. मास्तर उगीच पाण्याची बाटली उघडून बंद करत राहिला.

ऊन उतरल्यावर आबानं डोंगराकडं तोंड करून हात जोडले. आम्हीही जोडले. रस्त्यावरनं 'आई राजा उदो उदो' करत एक जथा पुढं निघून गेला. आम्ही पलीकडं जाऊन सोलापूरच्या एसटीला हात केला. गाडीत आबाला जागा मिळाली, आम्ही दोघं त्याच्याजवळ उभे राहिलो. देवीसाठी आणलेली हळदीकुंकवाची पुडी त्याच्या खिशात तशीच होती.

"पुढच्या पौर्णिमेला हितनंच चालायला लागायचं," तो म्हणाला.

"हितनंच," मी म्हणालो.