फोंडाघाटाहून कोल्हापूर पाहायला

भाताची कापणी-झोडणी आटोपली की चार दिवस हात मोकळे होतात. त्या दिवसांत एकदा कोल्हापूर पाहून या. आमच्या फोंडाघाटाहून एस.टी.ने अडीच-तीन तासांची वाट. देवीच्या दर्शनाला पुष्कळजण जातात, पण बायकामुलांसह सावकाश शहर पाहणारे थोडे. गेल्या नोव्हेंबरात गावातली सात-आठ कुटुंबे घेऊन मी गेलो होतो. बऱ्याच भगिनींची ती पहिलीच खेप.

कोल्हापूर पाहायला सुरुवात स्टँडवर नव्हे, घाटमाथ्यावर करा. दाजीपूर आले की खिडकीशी बसा. माथ्याच्या अलीकडचा पाऊस आपल्या व्हाळांतून अरबी समुद्राला जातो. पलीकडचा भोगावतीत, पुढे पंचगंगेत, कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. ढग तेच, पाऊस तोच. पण पलीकडे राधानगरीला राजर्षी शाहू महाराजांनी तो अडवायला घेतला. महाराज १९२२ साली गेले. धरण पुरे व्हायला १९५४ साल उजाडले. धरण भरले की त्याची सात दारे आपोआप उघडतात. मंडळींना याचेच सर्वांत नवल वाटले. तिथून खाली ऊसच ऊस.

हे पाणी आणि हा ऊस मनात ठेवून शहरात उतरा, म्हणजे तिथल्या गडबडीचा अर्थ लागतो. स्टँडवर रिक्षा, भोंगे, फेरीवाले, नुसती झुंबड! मुलांचे हात धरा आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधीच ठरवा. अंबाबाईचे दर्शन सकाळी लवकर घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, तेव्हा गर्दी फार. भवानी मंडप, रंकाळा, नवा राजवाडा, १९१२ सालचे खासबागेतले कुस्तीचे मैदान, हे सारे एका दिवसात होते.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा मात्र चुकवू नका. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठीच. रंग आणि कण पाहून गुळाची प्रत ठरते, प्रतीप्रमाणे दर. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपण काजू नि कोकम, बरेवाईट एकाच पोत्यात भरतो. निवडायचे काम व्यापारी करतो आणि त्याचे पैसेही तोच घेतो!

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. ऐन शहरात, रस्त्याकडेला म्हशी उभ्या. समोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा. आमच्यातल्या एक आजी पेला रिकामा करून म्हणाल्या, "ह्या दुधात पाणी घालूक कोणाक वेळच गावलो नाय!"

रात्री जेवताना एका भगिनीने विचारले, "भाऊ, एवढा पाऊस आमच्याकडेही पडतो, मग आमची विहीर एप्रिलात का आटते?" साऱ्या सहलीत मोलाचा हा प्रश्न. आपल्याकडे उतार तीव्र, माती थोडी, जांभ्यातून पाणी झिरपून जाते. वाडीवाडीला राधानगरी होणार नाही. पण व्हाळ वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घातला, तर पाणी अडते, मुरते आणि जवळच्या विहिरींना थोडे अधिक दिवस पुरते. खर्च जवळजवळ नाही. चार घरांचे श्रमदान हवे. त्या वाडीने परतल्यावर आठवड्यातच पोती गोळा केली. जानेवारी उजाडेपर्यंत थांबाल तर अडवायला पाणी उरत नाही.

सहल पावसाळ्यात मात्र काढू नका. दरडी कोसळून घाट बंद होतो, आणि राधानगरीची ती दारे उघडली की पंचगंगा पात्राबाहेर यायला वेळ लागत नाही. २०१९ आणि २०२१ साली तिने कोल्हापूरकरांची घरे-दुकाने पाण्याखाली घातली. दिवाळीनंतरचाच बेत करा. एस.टी.च्या वेळा आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या, आणि भाकरी बरोबर असू द्या.