प्रतिध्वनी आणि प्रत्युत्तर

२०२० च्या टाळेबंदीत वसतिगृहे रिकामी झाली, मुले आपापल्या गावी गेली आणि आम्हां शिक्षकांना खडू ठेवून मोबाइलसमोर बसावे लागले. आम्ही एखादे वाक्य उच्चारावे आणि क्षणभराने तेच आमच्या कानी परत यावे, हा त्या वर्गांतला नित्याचा अनुभव होता. दोन भावंडे एकाच खोलीतून दोन मोबाइलवर वर्गात आली की कर्कश शिट्टीही घुमत असे.

एका मोबाइलच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माइक उचलतो, तो पुन्हा पहिल्याच्या स्पीकरवर येतो आणि फेरीगणिक वाढत जातो. जयंतीच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की हेच घडते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून त्याला ‘लार्सन परिणाम’ म्हणतात.

प्रतिध्वनीच्या बंदोबस्ताचा इतिहास आम्हांला अधिक बोधप्रद वाटतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत फोनवर बोलताना स्वतःचाच शब्द अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येई. जुना उपाय असा, की एक जण बोलू लागला की दुसऱ्याची वाट बंद करायची. प्रतिध्वनी थांबे, पण दुसऱ्याचे शब्दही कापले जात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे मनमोहन सोंधी व त्यांचे सहकारी यांनी निराळा मार्ग विकसित केला. पाठवलेल्या आवाजाची प्रत यंत्राने जवळ ठेवावी, तो कसा बदलून परततो याचा अंदाज सतत सुधारावा आणि आलेल्या ध्वनीतून तेवढाच वजा करावा. समोरच्याचा शब्द शाबूत राहतो. आजचे मोबाइलही याच तत्त्वावर चालतात. मात्र शेजारच्या मोबाइलचा आवाज केव्हा व कसा येईल हे त्यांना ठाऊक नसते, म्हणून तिथे ते हतबल ठरतात.

सर्वांचे माइक बंद करणे आम्हांला सोपे होते. पण ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तो ज्यांचा आवाज शतकानुशतके बंद ठेवला गेला त्यांच्यासाठी. त्या वारशातल्या शाळेत शांततेसाठी मुलांना मुके करणे आम्हांला मानवले नाही. म्हणून आम्ही नियम केले : एका खोलीत एकच मोबाइल चालू, शक्य तिथे इअरफोन, स्पीकरचा आवाज बेताचा आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने थांबायचे. त्या थांबण्यातूनच, शेजाऱ्यांच्या मोबाइलभोवती दाटीने बसलेल्या मुलींची हलक्या आवाजातली उत्तरे आमच्यापर्यंत पोहोचली.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता ऑनलाइनही भरतात. तिथेही हे नियम उपयोगी पडतील. आपला आवाज वजा करता आला, तरच दुसऱ्याचा ऐकू येतो.